शंभर डॉलरच्या नोटेवरचा हा माणूस अठराव्या वर्षी दुसऱ्याचे पैसे गमावून बसला होता

अठरावं वर्ष लागलं, पॅन कार्ड हातात पडलं, की मोबाईलवर क्रेडिट कार्डाचे मेसेज सुरू होतात. पोरगं उत्साहात फॉर्म भरतं आणि थोड्या वेळात नकार येतो. कारण काय, तर तुमच्या नावावर कर्जाचा कुठलाच इतिहास नाही. आता गंमत बघा. इतिहास तयार व्हायला आधी कुणीतरी उधार द्यायला हवं, आणि उधार मिळायला आधी इतिहास हवा. मग कुणी एफडी ठेवून त्यावर कार्ड काढतं, कुणी वडिलांच्या कार्डावर ॲड-ऑन घेतं, आणि ३०० ते ९०० च्या मधला तो सिबिल स्कोअर वर सरकायची वाट बघत बसतं.

हा पेच आजचा नाही. ३०० वर्षांपूर्वी एक पोरगा याच पेचात अडकला होता. त्याच्याकडे घरचा पैसा नव्हता, ओळख नव्हती, शिक्षण जेमतेम दोन वर्षांचं होतं, आणि त्यात भर म्हणून त्याने विश्वासाने ठेवायला दिलेली एक रक्कम घालवली होती. आज त्याचा चेहरा अमेरिकेच्या शंभर डॉलरच्या नोटेवर आहे. नाव बेंजामिन फ्रँकलिन.

फ्रँकलिन म्हटलं की आपल्याला पतंग, वीज आणि अमेरिकेचं स्वातंत्र्य आठवतं. ते सगळं नंतरचं. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं हा माणूस एकच गोष्ट कमवत होता, ती म्हणजे पत.

१७ जानेवारी १७०६ ला बॉस्टनमध्ये त्याचा जन्म झाला. वडील जोसाया साबण आणि चरबीच्या मेणबत्त्या बनवायचे. त्यांना दोन बायकांपासून मिळून १७ मुलं, त्यात बेंजामिन १५वा. एवढ्या मोठ्या खटल्यात शाळेची फी परवडणार कशी? दोन वर्षांत शाळा सुटली आणि बाराव्या वर्षी पोराला थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात उमेदवारीला बसवलं. उमेदवारी म्हणजे कराराने बांधलेली नोकरी. २१ वर्षांचा होईपर्यंत भावाकडेच राबायचं. भाऊ मारायचाही. शेवटी १७२३ मध्ये, १७ वर्षांचा असताना, काही पुस्तकं विकून त्याने बोटीचं भाडं जमवलं आणि तो पळाला.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी तो फिलाडेल्फियाला उतरला तेव्हा खिशात एक डच डॉलर आणि शिलिंगभर चिल्लर होती. चिल्लर नाववाल्यांना दिली. ते घेत नव्हते, कारण त्याने वाटेत वल्हं मारलं होतं. पण याने आग्रह करून दिली. पैसा कमी असला की माणूस जास्तच उदार होतो, लोकांना आपल्या गरिबीचा वास येऊ नये म्हणून, असं त्याने म्हातारपणी आत्मचरित्र लिहिताना कबूल केलं. मग तीन पेन्सचे तीन मोठे पाव घेतले, दोन काखेत मारले आणि तिसरा खात खात तो रस्त्याने चालत गेला.

आता त्या काळची व्यवस्था समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. अमेरिका तेव्हा इंग्रजांची वसाहत होती आणि तिथे आजच्यासारखी एकही बँक नव्हती. चांदीची नाणी कायम कमी पडायची, कारण इंग्लंडहून माल मागवला की नाणी तिकडे जायची. त्यामुळे सगळा व्यवहार वहीवर. दुकानदार गिऱ्हाइकाच्या नावावर मांडून ठेवायचा, तो दुकानदार स्वतः घाऊक व्यापाऱ्याचा देणेकरी, आणि घाऊक व्यापारी लंडनच्या पेढीचा देणेकरी. कागद, शाई, खिळे, काहीही घ्यायचं तर उधारीवर. म्हणजे ज्याला उधार मिळत नाही त्याला धंदाच करता येत नाही. आणि उधार कुणाला द्यायचं हे ठरवायला कुठलाही स्कोअर नव्हता. माणूस कसा दिसतो, कुठे बसतो-उठतो आणि गेल्या वेळचे पैसे कधी दिले, एवढ्यावर सगळं चालायचं.

फ्रँकलिनला सॅम्युएल कीमर नावाच्या छापखानेवाल्याकडे काम मिळालं. पोरगा हुशार, कामसू. थोड्याच दिवसांत त्याच्यावर थेट पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर विल्यम कीथ यांची नजर गेली. एवढा मोठा माणूस दारात आला, याला दारू पाजायला घेऊन गेला आणि म्हणाला, स्वतःचा छापखाना काढ, सरकारी काम मी देतो. भांडवलासाठी वडिलांना शिफारसपत्रही लिहून दिलं.

१७२४ च्या वसंतात ते पत्र घेऊन फ्रँकलिन बॉस्टनला गेला. जोसायाने पत्र वाचलं आणि त्यांना गव्हर्नरच्याच अकलेची शंका आली. १८ वर्षांच्या पोराच्या हातात एवढी रक्कम कोण देतं? त्यांनी नकार दिला. पण एक वाट उघडी ठेवली. कष्ट कर, साठव, २१व्या वर्षापर्यंत भांडवलाच्या जवळपास आलास तर उरलेले मी घालतो. आजच्या भाषेत सांगायचं तर वडिलांनी सहकर्जदार व्हायला नाही म्हटलं, पण आधी स्वतःची बचत दाखव असं सांगितलं. अठराव्या वर्षी असला सल्ला कुणाला आवडतो!

परतीच्या वाटेवर न्यूपोर्टला त्याचा एक भाऊ राहायचा. त्याचा मित्र व्हर्नन याचे पेनसिल्व्हेनियात कुणाकडून तरी सुमारे ३५ पौंड येणं होतं. ते वसूल कर आणि मी सांगेन तोवर तुझ्याकडे ठेव, असं त्याने फ्रँकलिनला सांगितलं. म्हणजे दुसऱ्याची ठेव. आख्खा छापखाना उभारायला साधारण १०० पौंड लागतील असा हिशोब त्याने पुढे गव्हर्नरला करून दिला होता. त्यावरून ही रक्कम किती मोठी होती ते लक्षात येईल.

आणि इथेच माती झाली. कॉलिन्स नावाचा त्याचा लहानपणचा दोस्त होता. गणितात पक्का, पण दारूच्या नादी लागलेला. तो फिलाडेल्फियाला आला, तोंडाला वास येतो म्हणून त्याला कुणी कामावर घेईना. राहण्याखाण्याचा खर्च फ्रँकलिनच्या माथी. जरा दे, नोकरी लागली की देतो, असं करत करत कॉलिन्सने व्हर्ननच्या पैशातूनच उसनं घ्यायला सुरुवात केली. नाही म्हणता आलं नाही. शेवटी दोघांचं भांडण एवढं वाढलं की नावेत वल्हं मारायला नकार दिला म्हणून फ्रँकलिनने त्याला उचलून नदीत फेकलं. पुढे कॉलिन्स बार्बाडोसला नोकरी घेऊन गेला, पहिल्या कमाईतून पैसे पाठवतो असं वचन देऊन. त्यानंतर त्याचा ना निरोप आला ना पैसा.

व्हर्ननने पैसे कधीही मागितले असते तर फ्रँकलिन संपला असता. ही धास्ती त्याने पुढे काही वर्षं बाळगली. आत्मचरित्रात त्याने आयुष्यातल्या चुकांना छपाईतल्या चुका म्हटलंय, आणि ही त्यातल्या पहिल्या मोठ्या चुकांपैकी एक होती.

तिकडे गव्हर्नर कीथचा उत्साह मात्र उतू चालला होता. बाप देत नाही तर मी देतो, तू लंडनला जाऊन यंत्र आणि खिळे घेऊन ये, पैशासाठी माझं पतपत्र देतो, असं त्याने ठरवलं. पतपत्र म्हणजे या माणसाला माझ्या भरवशावर इतकी रक्कम द्या, असं तिकडच्या पेढीला लिहिलेलं पत्र. पत्र आज देतो, उद्या देतो, असं करत जहाज निघायची वेळ आली. पत्रं टपालाच्या थैलीत जहाजावर येतील, असं सांगण्यात आलं. डिसेंबर १७२४ मध्ये लंडनच्या तोंडाशी थैली उघडली, तर त्यात फ्रँकलिनच्या कामाचं एकही पत्र नव्हतं.

जहाजावर थॉमस डेनहॅम नावाचा क्वेकर व्यापारी होता. फ्रँकलिनने त्याला सगळी हकिकत सांगितली, तर तो हसायलाच लागला. कीथला ओळखणारा कुणीही त्याच्या शब्दावर विसंबत नाही, आणि ज्याला स्वतःलाच पत नाही तो पतपत्र कुठून देणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असलाच प्रकार. परक्या देशात, १८ वर्षांचा पोरगा, खिशात थोडेसे पौंड, आणि डोक्यावर व्हर्ननचं ओझं.

पण याच डेनहॅमची एक गोष्ट फ्रँकलिन जन्मभर विसरला नाही. डेनहॅम पूर्वी ब्रिस्टलला धंद्यात बुडाला होता. सावकारांनी थोड्या रकमेवर तडजोड करून त्याला सोडलं आणि तो अमेरिकेला गेला. तिथे राबून पैसा केला. इंग्लंडला परत आल्यावर त्याने सगळ्या जुन्या सावकारांना जेवायला बोलावलं आणि तडजोड केल्याबद्दल आभार मानले. लोकांना वाटलं, जेवण आणि आभार, एवढंच. पहिल्या ताटल्या उचलल्या तेव्हा प्रत्येकाच्या ताटलीखाली एक हुंडी निघाली. सोडून दिलेली सगळी बाकी, व्याजासकट.

कायद्याने तो एक पैसा देणं लागत नव्हता.

लंडनला फ्रँकलिनने दोन छापखान्यांत मिळून दीड वर्ष काढलं. तिथले कामगार दिवसभर बिअर प्यायचे. शेजारचा गडी रोज सहा पाइंट रिचवायचा आणि शनिवारी पगारातून चार-पाच शिलिंग त्या खात्यावर कापून द्यायचा. फ्रँकलिन पाणी प्यायचा, म्हणून त्याला सगळे हसायचे. पण आठवड्याच्या मध्यात ज्यांची गुत्त्यातली उधारी बंद व्हायची, ते याच्याकडेच यायचे, कारण गुत्तेवाला याच्या जामिनावर बिअर द्यायचा. याने जामीन राहावं आणि शनिवारी पगाराच्या टेबलापाशी उभं राहून आपले पैसे वसूल करावेत. कधीकधी हा आकडा आठवड्याला तीस शिलिंगांच्या आसपास जायचा. व्हर्नन प्रकरणातून एवढं तरी शिकला असं म्हणावं, तर त्याच लंडनमध्ये जेम्स राल्फ नावाच्या कवी मित्राला त्याने २७ पौंड उसने दिले आणि तेही बुडाले! शहाणपण एका फटक्यात येत नाही.

१७२६ मध्ये डेनहॅमने त्याला आपल्या दुकानात कारकून म्हणून परत नेलं. जहाजभाड्याचे दहा पौंडही त्यानेच उसने दिले. जहाजावर वीस वर्षांच्या फ्रँकलिनने पुढे कसं वागायचं याचा एक आराखडा लिहिला. त्यातलं पहिलं कलम असं की, देणं फिटेपर्यंत काटकसर. डेनहॅम पुढे वारला आणि मरताना त्याने फ्रँकलिनचं ते उसनं माफ करून टाकलं.

फ्रँकलिन पुन्हा कीमरकडे कामाला लागला. तिथे ह्यू मेरेडिथ नावाचा सहकारी भेटला. त्याच्या वडिलांनी दोघांना छापखाना काढून द्यायचं कबूल केलं. यंत्र लंडनहून आलं, १७२८ मध्ये भागीदारी सुरू झाली. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एका मित्राने रस्त्यातून पकडून आणलेला खेडूत. त्याचे पाच शिलिंग मिळाले. नंतरच्या कुठल्याही कमाईपेक्षा त्याला ते पाच शिलिंग मोठे वाटले.

गावातल्या व्यापाऱ्यांचा रोज रात्री क्लब भरायचा. तिथे एकदा विषय निघाला की शहरात दोन छापखाने आधीच असताना हा तिसरा टिकणार नाही. सगळ्यांचं एकमत. फक्त डॉक्टर बेअर्ड म्हणाले, टिकेल. कारण विचारलं तर त्यांनी सांगितलं की आपण क्लबातून घरी जाताना तो पोरगा काम करत असतो, आणि सकाळी शेजारी उठायच्या आत पुन्हा कामावर असतो. बस्स. एवढ्या एका निरीक्षणावर त्याच क्लबातला एक व्यापारी उधारीवर माल द्यायला तयार झाला. रात्रीच्या खिडकीतला दिवा हाच त्याचा क्रेडिट रिपोर्ट.

पण धंदा नीट बसायच्या आत संकट आलं. यंत्राची किंमत सुमारे २०० पौंड होती. मेरेडिथच्या वडिलांनी १०० दिले आणि उरलेल्या १०० ला त्यांचा हात तोकडा पडला. व्यापाऱ्याने दावा ठोकला. मुदतीत पैसे उभे राहिले नाहीत तर यंत्र आणि खिळे निम्म्या किमतीत विकून सगळं संपणार होतं.

अशा वेळी दोन मित्र आले, विल्यम कोलमन आणि रॉबर्ट ग्रेस. दोघे फ्रँकलिनच्या जुंटो मंडळातले. ही बारा-एक तरुणांची चर्चामंडळी, दर शुक्रवारी जमणारी. दोघे एकमेकांना न सांगता वेगवेगळे आले आणि दोघांनीही सगळी रक्कम देऊ केली. एकच गोष्ट त्यांना पटत नव्हती. मेरेडिथ रस्त्यात पिऊन फिरतो, गुत्त्यात जुगार खेळतो, त्याच्यामुळे तुझीही पत जाते, असं दोघांचं म्हणणं. फ्रँकलिनने घाई केली नाही. आधी मेरेडिथशी मोकळं बोलला. तो स्वतःच कंटाळला होता, शेतकऱ्याचं पोर होतं, त्याला परत शेतीकडे जायचं होतं. वडिलांचे १०० पौंड फेडायचे, त्याची किरकोळ देणी भागवायची, वर ३० पौंड आणि एक नवं खोगीर द्यायचं, एवढ्यावर सौदा मिटला. मग फ्रँकलिनने दोन्ही मित्रांकडून निम्मी-निम्मी रक्कम घेतली, म्हणजे कुणालाच आपल्याला डावललं असं वाटायला नको. १७३० मध्ये छापखाना त्याच्या एकट्याच्या नावावर झाला.

लक्षात घ्या, कोलमन आणि ग्रेसकडे तारण काहीच नव्हतं. सुरुवातीला कुणीतरी नुसत्या भरवशावर पैसे दिल्याशिवाय पुढचा इतिहास लिहिला जात नाही, ही गोष्ट फ्रँकलिनने मनात ठेवली. तिचं काय झालं ते शेवटी येईलच.

याच सुमाराला ज्याची भीती होती ते पत्र आलं. व्हर्ननने आपल्या पैशांची आठवण करून दिली. तगादा नव्हता, नुसती आठवण. फ्रँकलिनने सगळं खरंखरं लिहून कळवलं, थोडी मुदत मागितली आणि जमेल तेव्हा मुद्दल, व्याज आणि वर आभार, असं सगळं चुकतं केलं. आजच्या कार्डवाल्यांनी हप्ता चुकल्यावर फोन उचलणं बंद करायच्या आधी एवढं तरी करून बघावं.

मग पत राखायची कशी, याचा त्याने जवळजवळ नाटकासारखा विचार केला. साधे कपडे, टवाळीच्या ठिकाणी दिसायचं नाही, मासेमारी-शिकार बंद. दुकानातून विकत घेतलेला कागद तो स्वतः एकचाकी ढकलगाडीवर घालून भर रस्त्यातून आणायचा. आपण नुसते कष्टाळू असून भागत नाही, तसे दिसलोही पाहिजे, हे त्याने उघड लिहून ठेवलंय. यात थोडा देखावा होता हे खरंच. पण तो देखावा खर्च कमी असल्याचा होता. आज ईएमआयवर आयफोन घेऊन जो देखावा होतो, त्याच्या बरोबर उलट. आणि नुसत्या ढकलगाडीने काही होत नाही. घेतलेल्या मालाचे पैसे तो वेळेवर द्यायचा, म्हणून व्यापारी स्वतःहून याच्याकडे माल घेऊन यायला लागले.

उलटं उदाहरणही त्याच गल्लीत होतं. कीमर कर्जात रुतला, सावकारांचं भागवायला छापखाना विकून बार्बाडोसला गेला. तो छापखाना त्याच्याच हाताखालच्या डेव्हिड हॅरीने घेतला. हॅरी साहेबी कपडे घालायचा, ऐटीत राहायचा, कर्ज काढायचा. थोड्याच दिवसांत तोही बार्बाडोसला!

लग्नाच्या बाबतीतही देण्याघेण्याने त्याची पाठ सोडली नाही. एका मुलीशी बोलणी चालली होती. फ्रँकलिनने सांगितलं की छापखान्याचं उरलेलं कर्ज फिटेल एवढा हुंडा हवा. मुलीकडचे म्हणाले, एवढे पैसे नाहीत. तर हा म्हणतो, घर गहाण टाका! बोलणी मोडली, आणि मोडली ते बरंच झालं. पत जपणाऱ्या माणसाचा हा काही शोभेसा किस्सा नाही, पण त्याने तोही लपवला नाही. पुढे १७३० मध्ये त्याने डेबोरा रीडशी संसार मांडला. तिचा पहिला नवरा कर्ज करून वेस्ट इंडीजला पळाला होता. तो मेल्याची नुसती बातमी होती, पुरावा नव्हता. त्यामुळे त्याची देणी नव्या नवऱ्याच्या गळ्यात पडतील अशी धाकधूक होती. तसं काही झालं नाही. डेबोराने दुकान सांभाळलं, चिंध्या विकत घेतल्या, पुस्तिका शिवल्या. फ्रँकलिनची पत उभी राहिली त्यात तिचे हात किती होते, हे बहुतेक चरित्रांत चार ओळींत संपतं.

पुढची चढती कमान भराभर सांगता येईल. पेनसिल्व्हेनिया गॅझेट हे वर्तमानपत्र, कागदी चलनाची बाजू मांडणारी पुस्तिका, मग त्याच चलनाच्या नोटा छापायचं सरकारी काम, १७३१ मध्ये वर्गणीवर चालणारं वाचनालय, १७३२ पासून पुअर रिचर्ड हे पंचांग. १७४८ मध्ये, ४२व्या वर्षी, तो धंद्यातून निवृत्त झाला. याच वैभवाची दुसरी बाजूही आहे. त्याच्या गॅझेटमध्ये गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जायच्या, आणि त्याच्या स्वतःच्या घरात गुलाम होते. त्या माणसांच्या नावावर पत उभी राहण्याचा प्रश्नच नव्हता, त्यांचीच किंमत दुसऱ्याच्या खात्यात मालमत्ता म्हणून धरली जायची. म्हातारपणी १७८७ मध्ये तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला, पण तोवर बराच उशीर झाला होता.

निवृत्तीच्याच वर्षी त्याने एका तरुण कारागिराला सल्ल्याचं पत्र लिहिलं. वेळ आणि पैसा यांची सांगड घालणारं ते प्रसिद्ध वाक्य त्यातलंच. पण पत्रातला मोठा भाग पतीवर आहे. कबूल केलेल्या दिवशी पैसे परत करणाऱ्याला मित्रांच्या थैल्या केव्हाही उघड्या असतात. सावकाराला पहाटे तुमच्या हातोडीचा आवाज ऐकू आला तर तो निवांत राहतो, आणि कामाच्या वेळी तुम्ही गुत्त्यात दिसलात तर दुसऱ्या दिवशी वसुलीला माणूस धाडतो. हे सगळं त्याने सोसून शिकलेलं होतं.

दहा वर्षांनी त्याने दुसरी बाजू मांडली. १७५८ च्या पंचांगासाठी लिहिलेल्या मजकुरात एक लिलाव भरलाय. माल आज घ्या, पैसे सहा महिन्यांनी द्या, अशी ऑफर. तिथे एक म्हातारा लोकांना समजावतो की बाबांनो, उधारीवर चैनीची वस्तू घेणं म्हणजे आपल्या मोकळेपणाची किल्ली दुसऱ्याच्या हातात देणं. लोक ऐकतात, माना डोलावतात. आणि लिलाव सुरू होताच धडाधड बोली लावायला लागतात! म्हणजे नो-कॉस्ट ईएमआयच्या सेलला होणारी गर्दी त्याला १७५८ मध्येच दिसली होती. गोष्ट सांगणारा मात्र नव्या कोटाचं कापड घ्यायला आलेला असतो, तो जुनाच कोट अजून थोडे दिवस वापरायचं ठरवून घरी जातो.

पत कमवायची ती धंद्याला हत्यारं घ्यायला, कोटासाठी नाही. फ्रँकलिनचं गणित साधारण असं होतं.

सत्तरीत त्याला हेच काम देशासाठी करावं लागलं. १७७६ मध्ये तो पॅरिसला गेला. नवा देश, तिजोरी रिकामी, कर्जफेडीचा इतिहास शून्य, आणि समोर इंग्लंडशी युद्ध. इकडे काँग्रेस फ्रँकलिनच्या नावावर हुंड्या काढत सुटली होती. पैसे आहेत का, हे विचारायच्या आधीच. प्रत्येक हुंडी वटवायला या म्हाताऱ्याला फ्रेंच दरबाराचे उंबरठे झिजवावे लागले. जुलै १७८२ मध्ये त्याने फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर करार केला. तोवर घेतलेलं १ कोटी ८० लाख लिव्हरचं कर्ज, पाच टक्के व्याज, शांतता झाल्यावर तिसऱ्या वर्षापासून बारा सारखे हप्ते. मागचं साठलेलं व्याज राजाने माफ केलं.

१७ एप्रिल १७९० ला, ८४व्या वर्षी तो गेला. मृत्युपत्रात एक मजेदार कलम होतं. लोकांकडे राहिलेली जुनी, कधी न मागितलेली येणी त्याने पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलला दिली, देणेकरी निदान दानधर्म म्हणून तरी फेडतील या आशेवर.

पण खरं कलम वेगळं होतं. बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना त्याने प्रत्येकी १००० पौंड ठेवले. कशासाठी, तर तरुण कारागिरांना पहिलं कर्ज द्यायला. आपल्याला सुरुवातीला दोन मित्रांनी दिलेल्या पैशावरच आपलं सगळं उभं राहिलं, हे त्याने तिथे नमूद केलं. अटीही लिहून ठेवल्या. वय २५ च्या आत, लग्न झालेलं, त्याच शहरात उमेदवारी पूर्ण केलेली. चांगल्या चालीची ग्वाही देणारे आणि जामीन राहणारे दोन प्रतिष्ठित नागरिक. कर्ज १५ ते ६० पौंड. व्याज पाच टक्के. दरवर्षी मुद्दलाचा दहावा हिस्सा परत. परत आलेले पैसे पुन्हा नव्या पोराला. हे १०० वर्षं चाललं तर १००० चे १ लाख ३१ हजार पौंड होतील, त्यातले एक लाख शहराच्या कामांवर खर्च करा आणि उरलेले पुन्हा १०० वर्षं फिरवा, असा हिशोबही त्याने मांडला.

कागदावर बरोबर होता तो हिशोब. पण प्रत्यक्षात काही कर्जदार हप्ते चुकवायला लागले आणि जामीनदारांच्या खिशाला चाट बसली. मग जामीन राहायला माणसं मिळेनात. त्यात कारखाने आले, उमेदवारीची पद्धतच मोडली, त्यामुळे अटींत बसणारे तरुणही कमी झाले. पुढे बॉस्टनने बराच पैसा सुरक्षित गुंतवणुकीत घातला, फिलाडेल्फियाने कर्जं देणं जास्त काळ चालू ठेवलं. म्हणून २०० वर्षं भरली तेव्हा, १९९० च्या सुमारास, बॉस्टनकडे साधारण ४५ लाख डॉलर होते आणि फिलाडेल्फियाकडे साधारण २० लाख. फ्रँकलिनच्या अंदाजाच्या कितीतरी खाली.

नुसत्या आकड्यांवर बघितलं तर बॉस्टन जिंकलं. पण मधल्या काळात फिलाडेल्फियात जास्त पोरांना पहिलं कर्ज मिळालं, आणि पैसे त्याने ठेवले होते ते त्यासाठीच. बॉस्टनमध्ये त्या निधीतून १९०८ मध्ये एक तंत्रशाळा उभी राहिली, ती अजून त्याच्या नावाने चालते. फिलाडेल्फियाच्या वाट्यातून शाळा संपवून एखादा हुन्नर शिकू पाहणाऱ्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळायला लागल्या.